नऊ जणांचं नॉर्मल

मिरजेच्या त्या रक्तसंशोधन केंद्रात खंडेनवमीला दोन कार्यक्रम व्हायचे. आधी यंत्रांची पूजा आणि मग सगळ्यांचं रक्त. सकाळी रक्त गरगर फिरवणाऱ्या सेंट्रिफ्यूजला हळदकुंकू लागायचं, त्याच्या झाकणावर झेंडूचं फूल बसायचं, आणि ते फूल आत पडू नये म्हणून कुणीतरी दिवसभर त्याच्यावर नजर ठेवून असायचं. आरती झाली की सगळे बाह्या वर करून रांगेत बसत. रक्त देऊन झाल्यावर कॉफी आणि भडंग. रक्ताचा देवाधर्माशी काही संबंध नव्हता. पहिल्या वर्षी सगळे एका जागी सापडले ते खंडेनवमीला, म्हणून तो दिवस ठरला आणि पुढे चिकटला. आपल्याकडच्या निम्म्या प्रथा अशाच पडल्या असाव्यात.

या रक्तातून वर्षभराचं ‘नॉर्मल’ तयार व्हायचं. एखाद्याच्या रक्तात अमुक गोष्ट जास्त आहे असं म्हणायचं, तर कशापेक्षा जास्त ते सांगावं लागतं. त्यासाठी धडधाकट माणसांचं रक्त एकत्र करून माप ठरवतात. धडधाकट माणसं शोधायला गावभर हिंडण्यापेक्षा शेजारच्या टेबलावरचा माणूस सोयीचा. केंद्रात नऊ जण होते. नऊ जणांच्या रक्तातला पिवळसर द्रव एकत्र करायचा, छोट्या बाटल्यांत भरायचा आणि बर्फाच्या पेट्यांतून जिल्ह्याजिल्ह्यांत पाठवायचा. तिथल्या प्रत्येक तपासणीत रुग्णाचं रक्त एका बाजूला आणि या नऊ जणांचं दुसऱ्या बाजूला. रक्त द्यायला कुणी नको म्हटलं, तर ‘का रे, काय झालंय तुला?’ असं लगेच विचारलं जाई. त्यामुळे नको कुणी म्हणत नसे.

तपासणीचं नाव होतं ‘चाहूल’. ती शोधली डॉक्टर सुप्रभा आणि डॉक्टर नेमिनाथ मगदूम या नवराबायकोनं. केंद्रात दोघं एकमेकांना ‘डॉक्टर’ आणि ‘तुम्ही’ म्हणत, घरी ‘तू’. लॅब घरी आणायची नाही असा नियम सुप्रभानं लग्नानंतर लगेच केला होता, आणि तो मोडला की दंड म्हणून त्या दिवशीची भांडी मोडणाऱ्यानं घासायची. भांडी बहुतेक वेळा तीच घासत असे.

चाहूलमागचं शास्त्र तसं सोपं आहे. आपल्या शरीरात काही प्रथिनं कात्रीचं काम करतात. दुसऱ्या प्रथिनांना ठरावीक जागी कापायचं, एवढंच त्यांना येतं. त्यांना प्रोटीएज म्हणतात. रक्तात अशा पुष्कळ कात्र्या मिटलेल्या, झोपलेल्या अवस्थेत फिरत असतात. बोट कापलं की पहिली जागी होते, ती दुसरीचं आवरण कापून तिला जागं करते, दुसरी तिसरीला, आणि बघता बघता रक्ताची गुठळी होऊन जखम बुजते. कॅन्सरची पेशी याच कात्र्यांचा गैरफायदा घेते. शेजारच्या पेशींतून वाट काढायला तिला कात्री लागते. रक्तात उतरल्यावर स्वतःभोवती गुठळीचं पातळ जाळं गुंडाळून घ्यायलाही लागते, म्हणजे शरीराचे पहारेकरी तिला ओळखत नाहीत. म्हणूनच काही रुग्णांच्या पायात गाठ सापडण्याच्या कितीतरी आधी विनाकारण गुठळी धरते. डॉक्टरांना हे जुनंच माहीत होतं. मगदूमांनी एका पट्टीवर प्रथिनांचे शेकडो आखूड धागे बसवले. रक्ताचा थेंब टाकला की ज्या कात्र्या जाग्या असतील त्या आपापले धागे कापतात. कापलेल्या धाग्यांच्या नक्षीवरून आधी कळतं कॅन्सर आहे की नाही, आणि आणखी एक पायरी पुढं गेलं तर कुठल्या अवयवात आहे तेही. स्कॅनमध्ये काही दिसायच्या दोन-तीन वर्षं आधी.

लोकांनी चाहूल डोक्यावर घेतली. पाठोपाठ लोकांचे गुणही दिसले. स्थळ बघताना पत्रिकेबरोबर चाहूल मागायला लागले. गाठ कुठेच दिसत नाही, दुखत काही नाही, पण चाहूल आलेली आहे, अशा माणसांचा एक नवाच वर्ग तयार झाला. त्यांच्याशी ऑफिसात हळू आवाजात बोलत आणि डब्यातली चांगली भाजी त्यांना वाढत. शेवटी सरकारला कायदा करावा लागला, की कुठल्या अवयवात हे त्या माणसानं स्वतः विचारल्याशिवाय कुणीही सांगायचं नाही. काही अवयवांवर अजून औषध नव्हतं, आणि नुसतं ठिकाण कळून उपयोग काय?

त्या वर्षी माघात आरोग्य खात्याकडून अभिनंदनाचा फोन आला. राज्यात चाहूल येणाऱ्यांचं प्रमाण एकदम खाली आलं होतं. ‘तुमच्या जनजागृतीचं फळ’ असं फोनवरचे साहेब म्हणाले. सुप्रभाला बरं वाटलं. नेमिनाथनं नुसती मान हलवली आणि तो हात धुवायला गेला. अलीकडे तो फार हात धुवायचा.

*

सुप्रभा आठवड्यातून दोनदा गावातल्या मोठ्या हॉस्पिटलात रुग्ण तपासायला बसत असे. तिथं रुकसाना शिकलगार आली. हायस्कूलात भूगोल शिकवायची, चाळिशी नुकतीच ओलांडलेली. उजवी पोटरी सुजून टम्म झालेली. पोटरीत गुठळी होती, आणि ती व्हायला काही कारण नव्हतं. मार लागला नव्हता, लांबचा प्रवास नव्हता, ऑपरेशन नव्हतं.

“चाहूल केलीय का?” सुप्रभानं विचारलं.

“केली की मॅडम, डिसेंबरात. शाळेत शिबिर होतं. काय नाही म्हणून आलं.” रुकसाना हसली. “तुमचंच मशीन ते. घरात पेढे वाटले मी. नवरा म्हणाला, आता तरी जरा गोड कमी खा.”

“पोटात दुखतं का कधी?”

“दुखतं जरा. पाठीकडं जातं. ॲसिडिटी आहे मला.”

सुप्रभानं तिला लगेच स्कॅनला पाठवलं. स्वादुपिंडात बोराएवढी गाठ निघाली. सुप्रभा तो फोटो पुन्हा पुन्हा बघत राहिली. ही गाठ डिसेंबरात नक्कीच होती, आणि चाहूलला ती दिसली नव्हती. एखादी चाचणी चुकते, हे शास्त्रज्ञाला पचवावं लागतं. तिनं रुकसानाचं रक्त घेतलं, हॉस्पिटलच्या फ्रीजमधली चालू वर्षाच्या नॉर्मलची बाटली काढली आणि पट्टी लावली. निकाल आला, चाहूल नाही.

मग तिनं केंद्रात जाऊन मागच्या वर्षीच्या नॉर्मलची राहिलेली बाटली शोधली आणि तेच रक्त तिच्याशी ताडून पाहिलं. चाहूल आली, अगदी ठळक.

रक्त तेच होतं, पट्टी तीच होती, म्हणजे माप बिघडलं होतं. राज्यातलं प्रमाण खाली आलं होतं, ते आजार कमी झाला म्हणून नव्हे. चार महिने लोकांना एका आजारी मापाशी ताडून ‘तुम्ही ठीक आहात’ असं सांगितलं जात होतं. सुप्रभानं उभ्या उभ्या खात्याला फोन केला आणि राज्यभरातली चाहूल त्याच दुपारी थांबवली. अभिनंदन करणाऱ्या साहेबांना आधी ते समजलंच नाही. समजल्यावर ते म्हणाले, “हे तुम्ही लेखी द्या.”

*

नेमिनाथ केंद्रात आपल्या टेबलाशी बसला होता. शेजारी तेजस्विनी कांबळे होती. ती नऊ जणांतली सगळ्यात नवी डॉक्टर, लोकांना निकाल समजावून सांगायचं काम तिच्याकडे. सुप्रभानं दोघांना सगळं सांगितलं.

“पण पाठवायच्या आधी आपण तपासलं होतं की,” तेजस्विनी म्हणाली. “नवं नॉर्मल आणि जुनं नॉर्मल, शेजारी शेजारी. फरक शून्य होता.”

“त्या दिवशी शून्य होता,” सुप्रभा म्हणाली. “नंतर बाटल्या महिना महिना फ्रीजमध्ये राहिल्या. नऊ जणांपैकी एकाच्या रक्तात जागी कात्री होती. एवढीशी. तिनं त्या थंडीत सावकाश बाकी आठ जणांच्या झोपलेल्या कात्र्या उठवल्या. प्रत्येकाच्या वेगळ्या बाटल्या आहेत आपल्याकडे, गोठवलेल्या, नुसते नंबर घातलेल्या. तेजस्विनी, त्या काढ. कुठला नंबर ते बघू. नाव बघायचं नाही.”

तेजस्विनी उठणार एवढ्यात नेमिनाथ म्हणाला, “डॉक्टर कांबळे, जरा बाहेर थांबता का?”

ती गेली. त्यानं दार लावलं.

“चार नंबर,” तो म्हणाला. “माझा आहे. उगाच नऊच्या नऊ वितळवू नकोस.”

केंद्रात तो तिला ‘नकोस’ म्हणाला, हेच आधी सुप्रभाच्या कानाला लागलं. अर्थ मागून आला.

“तुला कसं माहीत?”

“श्रावणात नव्या पट्ट्यांचा गठ्ठा आला. पहिली पट्टी नेहमीसारखी माझ्याच बोटावर लावली. चाहूल आली. वाटलं, गठ्ठा खराब आहे. दुसऱ्या गठ्ठ्यातली लावली. तीही तशीच आली.”

“आणि तू खंडेनवमीला रक्त दिलंस.”

“दिलं.”

“का?”

“हात पुढं केला नसता, तर तिथल्या तिथं तुला कळलं असतं. आणि कळल्यावर तू माझ्याकडं बघितलं असतंस ते नमुना म्हणून. मी तुला ओळखतो की. सकाळी चहा देताना माझे डोळे पिवळे दिसतात का ते बघितलं असतंस. बाथरूममधून आलो की वजन विचारलं असतंस. मला आणखी थोडे दिवस नुसता नवरा राहायचं होतं.”

“नऊ जणांचं मिसळतं ते, नेमी.”

“म्हणूनच दिलं. म्हटलं, एकास आठ. पातळ होऊन जाईल.”

सुप्रभाला राग आला, आणि तो सगळ्यात आधी या वाक्याचा आला. बाकीचं तिनं कदाचित समजून घेतलं असतं. हा माणूस वीस वर्षं पोरांना शिकवत आला होता, की कात्री रंगासारखी पातळ होत नाही. एक कात्री हजार धागे कापते, आणि तिनं जागी केलेली प्रत्येक कात्री आणखी हजार. पातेलंभर दुधात चमचाभर विरजण घातलं तर विरजण पातळ होत नाही, दुधाचंच दही होतं. वर्गात हे उदाहरण देणारा नेमिनाथच होता. ज्ञान दुसऱ्याच्या रक्तापुरतं होतं, स्वतःच्या रक्तापाशी आल्यावर तो गावातल्या कुणाही माणसासारखा म्हणाला, ‘होईल पातळ.’

“हॉस्पिटलात एक बाई आहे,” ती म्हणाली. “भूगोल शिकवते. डिसेंबरात कळलं असतं तर तिची गाठ अर्धीच असती. अशा किती असतील तुला माहीत आहे का?”

“माहीत नाही,” नेमिनाथ म्हणाला. “महिन्यापूर्वी आकडे खाली आल्याचं कळलं तेव्हा शंका आली. झोप उडालीय तेव्हापासून. रोज सकाळी सांगायचं ठरवून उठायचो.”

“आणि?”

“आणि तू चहा द्यायचीस.”

*

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, तसं माप बिघडल्याचं आठवड्याभरात सगळ्या वर्तमानपत्रांत आलं. कुणामुळे बिघडलं ते मात्र केंद्राबाहेर कुणाला माहीत नव्हतं. चौकशी लागली. तेजस्विनीनं सुप्रभाला नियम काढून दाखवला. दात्याला आपला आजार माहीत नसेल, तर तो अपघात. माप बदलायचं, सगळ्यांची फेरतपासणी करायची, चाहूल दोन महिन्यांत पुन्हा सुरू. दात्याला माहीत असेल, तर फसवणूक. केंद्राचा परवाना जाणार, दात्यावर खटला, आणि चाहूल पुन्हा कधी सुरू होईल ते सांगता येणार नाही.

“चार नंबरला माहीत होतं की नव्हतं, हे तुम्ही दोघं सोडून कुणालाच कळणार नाही,” तेजस्विनी म्हणाली. तिनं त्या दिवशी बंद दाराबाहेर पुरेसं ऐकलं होतं. “मी काही ऐकलेलं नाही, मॅडम.”

सुप्रभानं दोन दिवस दोन्ही बाजू मांडून पाहिल्या. खोटं बोललं तर चाहूल वाचते, आणि चाहूल वाचली तर हजारो लोक वाचतात. खरं बोललं तर एक आजारी माणूस कोर्टाच्या पायऱ्या चढतो. हिशेब खोट्याच्या बाजूनं होता आणि तिला तो खोडता येत नव्हता. घरी नेमिनाथ एवढंच म्हणाला, “खोटं बोल असं मी तुला सांगणार नाही. खरं बोल असं म्हणायचं धाडस होत नाही.” त्या दिवशी दोघांनी लॅबबद्दल एवढं बोलूनही भांडी कुणी घासायची यावर वाद झाला नाही. ती तशीच पडून राहिली.

चौकशीसाठी पुण्याला जायच्या आदल्या दिवशी सुप्रभा वॉर्डात रुकसानाला भेटायला गेली. ऑपरेशन झालं होतं. गाठ काढली होती, पण सगळी निघाली अशी खात्री सर्जन देत नव्हते. सुप्रभानं तिला सांगितलं, की डिसेंबरचा निकाल चुकीचा होता, माप बिघडलं होतं.

रुकसानानं शांतपणे ऐकलं. “मला एक सांगा मॅडम. चूक झाली, का कुणी केली?”

“त्यानं काय फरक पडतो?”

“मला पडतो. झाली असली तर अल्लाची मर्जी म्हणीन न् गप बसीन. कुणी केली असली तर मला त्याच्यावर रागवायचंय. तेवढा तरी हक्क आहे की नाही?” मग ती म्हणाली, “नुसतं नशिबावर किती दिवस रागवायचं?”

सुप्रभाच्या हिशेबात ही रक्कम कुठंच नव्हती.

*

पुण्यात चौकशी समितीच्या अध्यक्ष दळवीबाई होत्या, आरोग्य खात्याच्या सहसंचालक. स्वभावानं बऱ्या. चाहूल बुडू नये असं त्यांनाही वाटत होतं आणि ते त्यांनी लपवलं नाही.

“दात्याला कल्पना नसणारच,” त्या म्हणाल्या. “तसं लिहून घेऊ या?”

“नाही,” सुप्रभा म्हणाली. “दात्याला कल्पना होती.”

“मॅडम, नीट आठवून सांगा. याचा परिणाम तुम्हाला माहीत आहे.”

“माहीत आहे.”

“तुम्हाला हे कुणी सांगितलं?”

“दात्यानंच. डॉक्टर नेमिनाथ मगदूम. माझे पती.”

दळवीबाईंनी चष्मा काढला आणि पुसून पुन्हा घातला. मग त्यांनी ते लिहून घेतलं.

मिरजेला परतल्यावर नेमिनाथनं दार उघडलं आणि विचारलं, “सांगितलंस?” “सांगितलं,” ती म्हणाली. “बरं केलंस,” असं म्हणून तो आत गेला. त्यानंतर आठवडाभर तो कामापुरतं बोलला. सुप्रभाला त्या आठवड्यात एकदा भाजी चिरताना रडू आलं. ते त्याच्यासाठी होतं, चाहूलसाठी की रुकसानासाठी, हे तिला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

परवाना गेला. खटला लागला, आणि त्याची पहिली तारीख दिवाळीनंतरची पडली. चार महिन्यांतल्या सगळ्या लोकांची फेरतपासणी मात्र समितीनं केंद्रावरच टाकली. दुसऱ्या राज्यातल्या एका संस्थेनं त्यासाठी नवं नॉर्मल दिलं. निकाल सांगण्यासाठी हॉस्पिटलात दोन खोल्या मिळाल्या. एकीत तेजस्विनी बसे, दुसरीत सुप्रभा. रांग वऱ्हांड्याच्या टोकापर्यंत जाई. लोक शिव्या देत, काही जण सुप्रभाच्या तोंडावर देत, आणि ती ऐकून घेई.

खटल्याच्या बातमीत नाव वाचून रुकसानानं नेमिनाथला भेटायला बोलावलं. दोघांत काय बोलणं झालं ते कळलं नाही. तो परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता, पण त्या रात्री बऱ्याच दिवसांनी तो पोटभर जेवला.

*

त्यानंतर पाचसहा दिवसांनी सुप्रभाच्या पडद्यावर पुढच्या रुग्णाचं नाव आलं, मगदूम नेमिनाथ. तो सगळ्यांसारखा टोकन घेऊन रांगेत बसला होता. आत आला, खुर्ची ओढून समोर बसला.

“बोला,” ती सवयीनं म्हणाली.

“निकाल ऐकायचाय. कुठं आहे तो.”

चार नंबरची बाटली अजून फ्रीजरमध्ये होती, त्याचं ताजं रक्तही मागच्या आठवड्यात घेतलेलं होतं. निकाल यंत्रात तयार होता. सुप्रभानं तो उघडला नव्हता. त्यानं विचारलं नव्हतं, आणि कायदा तिच्यासाठीही तोच होता. खरं सांगायचं तर कायद्याआड लपायला तिला बरं वाटत होतं.

निकाल उघडण्याआधी डॉक्टरला एक प्रश्न विचारावाच लागतो. माणसानं वाईट बातमी एकट्यानं ऐकू नये, म्हणून तो नियमात घातला आहे. ती दिवसातून चाळीस वेळा तो विचारत असे.

“सोबत कोण आलंय?” तिनं विचारलं.

नेमिनाथनं मागं वळून बंद दाराकडं बघितलं, मग तिच्याकडं.

“बायको आहे,” तो म्हणाला. “पण ती डॉक्टरांच्या खुर्चीत बसलीय.”

सुप्रभा उठली. शेजारच्या खोलीचं दार उघडून तिनं तेजस्विनीला हाक मारली. मग भिंतीकडची खुर्ची आणून ती नेमिनाथच्या शेजारी, टेबलाच्या अलीकडच्या बाजूला ठेवली आणि तीत बसली.

“डॉक्टर, हा निकाल तुम्ही वाचा,” तेजस्विनी आत आल्यावर ती म्हणाली. “मी यांच्याबरोबर आलेय.”